रो चे कॉलम करायला पिव्हट कीवर्ड लागतोच असं नाही

एक पोस्ट सध्या खूप फिरतेय, डेटाबेस शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी ती टाकतंच. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रो चे कॉलम करायचे (म्हणजे टेबलात एकाखाली एक असलेल्या नोंदी एका ओळीत शेजारी शेजारी मांडायच्या) तर पिव्हट कीवर्ड हाच खरा मार्ग, केस व्हेन (अट जुळली तर ही व्हॅल्यू घे, असं सांगणं) ही जुनी आणि स्लो पद्धत, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पिव्हट नाही म्हणजे तिथे हे होतच नाही, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्रॉसटॅब नावाचं फंक्शन टाकलं की काम झालं, पिव्हट कॉलमची नावं स्वतःच शोधतं, आणि हे सगळं नको असेल तर डेटा एक्सेलमध्ये काढून तिथे फिरवा. यातला शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, बाकीचे नाहीत, आणि नवीन पोरं हे वाचून इंटरव्ह्यूत तसंच सांगतात आणि त्याहून वाईट म्हणजे प्रॉडक्शनमध्ये तसंच लिहितात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उदाहरण एकच घेऊ, गावची दूध डेअरी. संकलनाच्या टेबलात एक रो म्हणजे एका सभासदाचं एका वेळचं दूध: सभासद नंबर, तारीख, वेळ (१ म्हणजे सकाळ, २ म्हणजे संध्याकाळ), लिटर, फॅट. दहा दिवसांचं बिल काढताना मात्र एका ओळीत तारीख, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर असं पाहिजे. झालं, हाच आपला पिव्हट.

पहिला मुद्दा स्पीडचा. केस व्हेनने लिहायचं म्हणजे सभासद आणि तारखेवर ग्रुप बाय करायचं (एका सभासदाच्या एका तारखेच्या रो एकत्र करायच्या) आणि सिलेक्टमध्ये सम(केस व्हेन वेळ = १ देन लिटर एन्ड) हा सकाळचा कॉलम, तसाच २ चा संध्याकाळचा. टेबल एकदाच वाचलं जातं. आता एसक्यूएल सर्व्हरवर हेच पिव्हट लिहून करा आणि एक्झिक्यूशन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) उघडून अ‍ॅग्रीगेटच्या, म्हणजे बेरजेच्या टप्प्याच्या, प्रॉपर्टीज बघा, आत केस व्हेनच दिसेल, कारण हा आराखडा बनवणारा ऑप्टिमायझर पिव्हटचं रूपांतर त्यातच करतो. मग एक फास्ट आणि दुसरं स्लो कसं होणार? खरं स्लो काय आहे ते पोस्टमध्ये आलंच नाही: प्रत्येक कॉलमसाठी त्याच टेबलाला पुन्हा लेफ्ट जॉइन करणं किंवा सिलेक्टमध्ये वेगळी सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) टाकणं. तिथे दहा कॉलम म्हणजे टेबलावर दहा फेऱ्या होऊ शकतात.

आणि जुनी पद्धत म्हणायचं तर पिव्हट एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीत आलं, ओरॅकलमध्ये ११जी पासून आलं, पण एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्ये ते नाहीच, प्रत्येकाने आपापलं केलंय. केस १९९२ च्या स्टँडर्डपासून आहे. जे सगळीकडे चालतं त्याला जुनाट म्हणून बाजूला टाकणं मला तरी पटत नाही.

पिव्हटचा एक मोठा धोकाही आहे, आणि ही गोष्ट शिकवताना सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलच्या पिव्हटमध्ये ग्रुप बाय लिहायची सोय नाही, जे कॉलम तुम्ही वापरले नाहीत ते सगळे आपोआप ग्रुपिंगमध्ये जातात. आपल्या टेबलात फॅट आहे. सकाळी ४.१, संध्याकाळी ४.३. थेट टेबलावर पिव्हट लावलं की एकाच तारखेच्या दोन ओळी येतात, एकीत संध्याकाळ नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही), दुसरीत सकाळ नल, आणि माणूस डोकं धरून बसतो की पिव्हट झालं का नाही. उपाय म्हणजे आधी आतल्या सबक्वेरीत फक्त लागणारेच कॉलम घ्यायचे. शिवाय एसक्यूएल सर्व्हरच्या पिव्हटमध्ये अ‍ॅग्रीगेट (बेरीज, सरासरी असं गणित) एकच बसतं, ओरॅकलमध्ये जास्त बसतात. डेअरीला नुसते लिटर पुरत नाहीत, दर फॅटवर ठरतो, आणि दहा दिवसांचं सकाळचं सरासरी फॅट काढायचं तर नुसता अ‍ॅव्हरेज चुकीचा, लिटर गुणिले फॅट यांची बेरीज भागिले लिटरची बेरीज असंच हवं. केस व्हेनमध्ये हे त्याच क्वेरीत अजून एक ओळ लिहून होतं.

केस व्हेन वापरताना लक्ष मात्र ठेवा: काउंट करताना एल्स ० (अट जुळली नाही तर शून्य घे) लिहिलं तर सगळ्या रो मोजल्या जातात, कारण शून्य हे नल नाही. एल्स लिहूच नका.

मायएसक्यूएलमध्ये होत नाही हा मुद्दा पटकन संपतो. कीवर्ड नाही हे खरं, पण वरची केस व्हेनची क्वेरी तिथे जशीच्या तशी चालते, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्येही चालते. पोस्टग्रेसमध्ये तर ९.४ पासून फिल्टर क्लॉज आहे, सम(लिटर) फिल्टर (व्हेअर वेळ = १) असं लिहा, वाचायलाही सोपं.

आता क्रॉसटॅब. हे पोस्टग्रेसच्या टेबलफंक नावाच्या एक्स्टेंशनमध्ये (वेगळं जोडायच्या भागात) येतं, आणि पोस्टमध्ये त्याचा जो एका आर्ग्युमेंटचा, म्हणजे कंसात फक्त एक क्वेरी द्यायचा, प्रकार दिलाय तो धोकादायक आहे. तो वेळ १ आहे का २ हे बघून कॉलम ठरवत नाही, जी व्हॅल्यू आधी आली ती डावीकडून भरत जातो. म्हणजे एखाद्या सभासदाने सकाळी दूध घातलंच नाही, फक्त संध्याकाळी घातलं, तर त्याचे संध्याकाळचे लिटर सकाळच्या कॉलममध्ये छापले जातात. एरर नाही, वॉर्निंग नाही, एकूण बेरीजही बरोबरच येते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही! दोन आर्ग्युमेंटचा प्रकार वापरायचा, दुसऱ्यात कॅटेगरींची यादी द्यायची, मग ज्याची व्हॅल्यू नाही तिथे नल येतो. ज्या बिलावर कुणाच्या घरचा महिना चालतो तिथे हा फरक न सांगता क्वेरी शेअर करणं मला चुकीचं वाटतं.

कॉलम आपोआप येतात हा दावा बहुतेक डेटाबेसना लागू नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन च्या कंसात नावं हातानेच लिहावी लागतात, ओरॅकलमध्येही साध्या पिव्हटला तेच, कारण क्वेरीचे कॉलम किती आणि कोणते हे डेटा वाचायच्या आधी ठरलेलं लागतं. डकडीबी या डेटाबेसमध्ये इन न लिहिता पिव्हट चालतं हे खरंय, पण तिथेही आतून आधी वेगळी क्वेरी जाऊन व्हॅल्यू गोळा करते आणि मग पिव्हट होतं. तारीखवार कॉलम हवे असतील तर तुम्हालाही हेच दोन टप्प्यांत करावं लागेल, आधी डिस्टिंक्ट (प्रत्येक एकदाच) तारखा, मग त्यावरून क्वेरीचा मजकूर बनवून ती चालवायची. मायएसक्यूएलमध्ये हे ग्रुप कॉन्कॅटने (अनेक रो चा मजकूर एकत्र जोडणाऱ्या फंक्शनने) करतात आणि तिथे त्याची डिफॉल्ट मर्यादा १०२४ बाइट आहे, कॉलम वाढले की मजकूर मधेच तुटतो आणि सिंटॅक्स एरर येते, तेव्हा आधी ग्रुप कॉन्कॅट मॅक्स लेन ही सेटिंग वाढवा. एसक्यूएल सर्व्हरवर नावं जोडताना कोटनेम (नाव कंसात बंद करणारं फंक्शन) वापराच, नाहीतर डेटातली एखादी व्हॅल्यूच कमांड म्हणून चालू शकते.

राहिला एक्सेलचा मुद्दा. कॉलम आधी माहीतच नसतील, किंवा बघणारा माणूस स्क्रीनवर उलटसुलट करून बघणार असेल, तर फिरवाफिरवी बाहेर करणं योग्यच, तिथे डायनॅमिक क्वेरीचा हट्ट नको. पण बेरीज डेटाबेसमध्येच होऊ द्या. ५०० सभासद, १० दिवस, दोन वेळा, म्हणजे १०,००० रो बाहेर काढून तिकडे बेरीज करण्यापेक्षा सभासद आणि वेळेवर ग्रुप बाय करून १,००० रो पाठवा, आणि त्या एक्सेलमध्ये हव्या तशा मांडा.