‘एकदाच खाऊन मत कसे देता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शहरातील लहान खाद्यठिकाणांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. लेख वाचून आपण सुट्टीच्या दिवशी रात्री उशिरा त्यांपैकी एका ठिकाणी गेलात आणि तेथील तळलेला पदार्थ आपल्याला सादळलेला व तेलकट लागला. त्यावरून आपण तीन आक्षेप घेतलेत: मी एकदाच खाऊन मत देतो, फक्त चांगलेच लिहितो आणि स्वच्छतेविषयी मौन पाळतो. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार असल्यामुळे त्याविषयीच अधिक लिहितो.

एका भेटीवर मत बेतू नये, हा दंडक जुना आहे. १९५७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यविभाग संपादक झालेल्या क्रेग क्लेबोर्न यांनी ही शिस्त रुजवली: समीक्षकाने ओळख न देता जावे, पुन्हा पुन्हा जावे आणि बिल वर्तमानपत्राने भरावे. लांबलचक मेनू असलेल्या उपाहारगृहाला तारे बहाल करायचे असतील, तर याहून कमी कष्टात ते करू नये, असे मीही म्हणेन. मात्र मी तारे देत नाही. अमुक वेळी अमुक पदार्थ खाल्ला आणि तो असा लागला, एवढीच नोंद मी करतो, आणि ‘दुकान उघडल्यानंतरचा पहिला घाणा’ हे आपण गेलात त्या ठिकाणाविषयीचे शब्द सजावटीसाठी लिहिलेले नव्हते.

लहान ठिकाणी पदार्थ मोजके असतात आणि करणारा हातही बहुधा तोच असतो. फरक पाडते ती वेळ. गरम तेलात पडलेल्या पदार्थाच्या पृष्ठभागातील पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणून त्याचे कवच कोरडे आणि कुरकुरीत होते. पण तो बाहेर काढल्यावर आतला ओलावा हळूहळू कवचाकडे सरकतो, आणि पदार्थ एकावर एक रचून ठेवले असतील तर कोंडलेली वाफ उरलेले काम करते. तेलाचेही तसेच आहे. तासन् तास तापत राहिलेले तेल हवेतील ऑक्सिजनमुळे आणि पदार्थातून सुटणाऱ्या पाण्यामुळे विघटित होत जाते, घट्ट होते, फेसाळते, आधीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागते. असे घट्ट तेल पदार्थावरून नीट निथळत नाही. म्हणजे आपल्याला लागलेली चव खरी होती आणि मला लागलेलीही. आपण दोघांनी एकाच कढईतले, पण वेगवेगळ्या तासांचे खाल्ले.

शिवाय खाणाऱ्याचे तोंडही सदासर्वकाळ सारखे नसते. एखादा पदार्थ खात गेले की त्याची गोडी कमी होते, इतर पदार्थांची मात्र तितकी होत नाही, हे आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांतून दाखवले. म्हणूनच एका संध्याकाळी एकाच प्रकारचा पदार्थ पाच ठिकाणी चाखून क्रमवारी लावण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला पटत नाही; पहिल्या ठिकाणाला भुकेचा फायदा मिळतो आणि पाचव्यावर अन्याय होतो. गोंगाटाचाही परिणाम होतो. विमानाच्या आतील आवाजाइतक्या गोंगाटात गोड चव मंद आणि उमामी (टोमॅटो, मशरूम यांत असते तशी रुचकर) चव ठळक जाणवते, असे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली नोंदवले आहे, तेव्हा भर रस्त्यावर उभे राहून खाल्लेल्याला शांत खोलीतील मापे लावताना जरा सबुरी हवी.

फक्त चांगलेच लिहितो, हे खरे आहे आणि ते हेतुपुरस्सर आहे. मोठ्या उपाहारगृहाला एक प्रतिकूल लेख पचवता येतो. एकट्याने चालवलेल्या हातगाडीचा एखादा वाईट दिवस माझ्या लेखात कायमचा नोंदला जावा, हे मला न्याय्य वाटत नाही. जे आवडले नाही ते मी गाळतो, आणि तसे केल्याने वाचकाची फसवणूक होत नाही, कारण शहरातील सर्व ठिकाणांची यादी देण्याचा माझा दावाच नाही. लहान ठिकाणांविषयी लिहिणे म्हणजे समीक्षाच नव्हे, हे आपले विधान मात्र मान्य करता येत नाही: लॉस एंजेलिसमधील स्थलांतरितांच्या छोट्या खाद्यगृहांवरील लेखनासाठी ओळखले जाणारे जोनाथन गोल्ड यांना २००७ साली समीक्षेचेच पुलित्झर पारितोषिक मिळाले होते.

स्वच्छतेविषयी थोडक्यात. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राखावे आणि साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी थर्मामीटर घेऊन फिरत नाही (फिरलो तर कोणी वाढणारही नाही), पण अन्न वाफाळते आहे का, झाकलेले आहे का, पैसे घेणारा हातच वाढतो आहे का आणि माल किती झपाट्याने खपतो आहे, हे पाहतो. यांत खोट दिसली तर मी तिथे खात नाही, त्यामुळे लिहीतही नाही. प्रमाणपत्र देणे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

आपण पुन्हा जाणार असाल तर दुकान उघडता उघडता जावे आणि कढईतून थेट ताटलीत येईल तेच मागावे, ही विनंती. तरीही पदार्थ तसाच लागला तर अवश्य कळवा. आपले मत, वार आणि वेळ यांसह, मी मूळ लेखातील त्या नोंदीखाली जोडीन.