भिरूड झाड पोखरतं, बोल मात्र सुतार पक्ष्याला

जालना-बीडकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सुतार पक्षी हिरवीगार झाडं टोचून वाळवतो, आंबा-मोसंबीच्या बागा त्याच्यामुळे जातात, म्हणून तो दिसला की गलोल काढा आणि ढोल्या सिमेंटनं बुजवा, असं त्यात लिहिलंय.

आधी मेसेजसोबतचा फोटो बघा. खोडावर शिलाई मशीनची टीप मारावी तशी ओळीनं बारीक भोकं. अशी भोकं पाडून रस पिणारे सुतार अमेरिकेत आहेत आणि त्यांच्यामुळे तिथं काही झाडं मरतातही. आपल्याकडे हिमालयातला तांबूस पोटाचा सुतार ही सवय बाळगून आहे. मराठवाड्यात दिसतात ते सोनपाठी आणि मराठा सुतार. त्यांचं मुख्य खाणं मुंग्या, किडे, अळ्या.

"पण पक्षी टोचत होता तीच फांदी वाळली!" वाळली असेल, पण क्रम उलटा लावलाय. आंब्यात भिरूड या खोड पोखरणाऱ्या किडीचा भुंगेरा सालीत अंडी घालतो, अळी आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड पोखरत राहते. बाहेरून झाड ठणठणीत दिसतं. खोडावरच्या छिद्रातून भुसा पडायला लागला की समजायचं. पक्ष्याला ती अळी आपल्या आधी सापडते, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला हाकललं तरी अळी आतच राहणार. छिद्रात तार घालून ती ओढून काढा किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबून तोंड चिखलानं लिंपा.

मोसंबीचं म्हणाल, तर २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या बागा पाण्यावाचून गेल्या. एरवी भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग येतो. त्यावर बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. यात पक्ष्याचा संबंध येतोच कुठे?

आता ढोली. सुतार ती बहुतेक वेळा वठलेल्या फांदीत कोरतो, नाहीतर गाभा कुजून मऊ झालेल्या खोडात. झाडाचं अन्नपाणी सालीत आणि सालीलगतच्या लाकडातून वाहतं. एका बाजूला भोक पडल्यानं ते थांबत नाही. खोडाभोवती गोल साल सोलली गेली, तर मात्र झाड जातं.

सिमेंटनं ओल आत कोंडते आणि कूज चालूच राहते. शिवाय सुतारानं सोडलेल्या ढोलीत पिंगळा राहायला येतो, तो उंदीर खातो. पोपटही येतात आणि ज्वारीचा फडशा पाडतात, ही तक्रार खरी आहे. पण ती पोपटांची.

राहिली गलोल. सुतार पक्षी मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मेसेजमध्ये हे लिहिलेलं नाही, आणि केस गलोल चालवणाऱ्यावर होईल.