गप्पांचा तास

मी मूळचा नागपूरचा. त्यामुळे सदाशिव पेठेत कुणाला काही शिकवायला जाणं हाच मुळात आगाऊपणा. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेक सिएटलला, बाळंतपण सप्टेंबरात, आणि काकूंना ‘फाडफाड’ इंग्रजी हवं होतं. व्याकरण नाही, वही नाही, नुसत्या गप्पा मारायच्या असं ठरलं. फी : रोज अर्धा कप चहा आणि बाकरवड्या, मोजून दोन.

पहिल्या दिवशी हवापाण्यापासून सुरुवात केली. “इट्स व्हेरी हॉट टुडे.”

काकूंनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते मला कळतंय. पुढे?”

पुढे काही नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, “‘तू कितवा?’ हे इंग्रजीत कसं विचारायचं?” मी घाम पुसत तीन वाक्यं जुळवली. “एवढ्याशा प्रश्नाला एवढा पसारा? राहू दे, मी मराठीतच विचारीन.”

गप्पांतून शिकवताना चुकीवर बोट ठेवायचं नसतं. तेच वाक्य दुरुस्त करून सहज परत म्हणायचं. याला रीकास्ट म्हणतात. पुस्तकात फार छान वाटतं.

“यस्टरडे आय गो मंडई.”

“ओ, यू वेंट टु मंडई?”

“येस! आय गो!”

“सो, यू वेंट...”

“अरे, गो म्हणाले ना! ऐकू येत नाही का तुला?”

१९९७ साली लिस्टर आणि रांटा या दोन संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच नोंदवलं : शिक्षक ही युक्ती सगळ्यात जास्त वापरतात आणि मुलं तिला सगळ्यात कमी दाद देतात. मुलांना बहुधा वाटतं, बाई ‘हो’ म्हणताहेत. काकूंना वाटतं, मास्तर बहिरा आहे.

काल मात्र माझा तोल गेला. “काकू, महिनाभर शिकवून राहिलो मी, तुम्ही लक्षच नाही देऊन राहिल्या!”

“अस्सं, महिनाभर शिकवतोयस होय?” बशी पुढे सरकवत काकू म्हणाल्या.

“हो ना, शिकवून राहिलो.”

“शिकवतोयस.”

“तेच तर म्हणून राहिलो मी!”

पेपरामागे काका खुदकन हसले.

जिना चढता चढता मी मधल्या पायरीवरच थांबलो. पुण्यात येऊन मला बारा वर्षं झाली. बारा वर्षं काकू माझं प्रत्येक वाक्य असंच परत म्हणताहेत. मला वाटायचं, त्यांना जरा कमी ऐकू येतं.