पोरं गुंतवायचीत? आधी जिओटॅग चालू करा

पोरं वर्गात गुंतून राहत नाहीत अशी तुमची तक्रार असेल तर चूक तुमचीच आहे, तुम्ही अजून शिकवताय. ब्लेंडेड लर्निंगमध्ये, म्हणजे थोडं स्क्रीनवर नि थोडं वर्गात अशा मिश्र शिक्षणात, शिकवायचं नसतं हो, 'फॅसिलिटेट' करायचं असतं, म्हणजे स्मार्टबोर्ड लावायचा आणि बाजूला उभं राहून एचडीएमआयची वायर हलवत बसायचं. त्या वायरकडे पोरं जेवढी टक लावून बघतात तेवढी माझ्याकडे बावीस वर्षांत बघितली नाहीत.

सुरुवात फ्लिप्ड क्लासरूमने करा. 2007 साली अमेरिकेत, कोलोरॅडोत, बर्गमन आणि सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन मास्तरांनी मॅचेसपायी तास बुडणाऱ्या पोरांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले, त्यातून घरी व्हिडिओ नि वर्गात प्रयोग-शंका अशी उलटापालट रूढ झाली. आपणही तेच करायचं, फक्त इथे घरात मोबाईल एकच आणि तो बाबांबरोबर सकाळी कामाला जातो, रात्री नऊला येतो तेव्हा डेटा संपलेला. तरी लिंक ग्रुपवर टाकाच. खाली चाळीस 'थँक्यू सर' येतील, हात जोडलेले इमोजी येतील, आणि व्हिडिओचे व्ह्यूज चार, त्यातले तीन माझेच (आवाज नीट आलाय का बघायला).

मग स्टेशन रोटेशन. वर्गाचे तीन गट, एक टॅबवर, एक आपसात काम करतोय, एक मास्तरांसमोर, आणि वेळ झाली की पुढचं स्टेशन. आमच्याकडे कोपरखैरण्यात 58 पोरं आणि टॅब सहा, त्यातले दोन कायम चार्जिंगला, त्यामुळे टॅबचं स्टेशन म्हणजे संध्याकाळची ठाणे-वाशी लोकल, चढलेला उतरत नाही आणि ज्याला उतरायचंय त्याला दार सापडत नाही. खरं तर मास्तरांसमोरचं स्टेशन सगळ्यात मोलाचं, छोट्या गटात कुणाचं नेमकं कुठे अडलंय ते कळतं. पण तिकडे फार रमू नका, तेवढ्यात मागे कुणीतरी टॅबचा पासवर्ड बदलतो.

वर्ग पेंगायला लागला की कहूट, म्हणजे स्क्रीनवरची प्रश्नमंजुषा. त्यात लवकर उत्तर दिलं की गुण जास्त, म्हणून चलाख पोरं प्रश्न वाचायच्या भानगडीत न पडता सरळ लाल त्रिकोण, म्हणजे पहिला पर्याय, दाबून मोकळी होतात. नुसता दंगा! फोटो काढायचा तो हाच क्षण. पोरं हसतायत, बोटं स्क्रीनवर, मागे सावित्रीबाईंची तसबीर, आणि जिओटॅग (फोटोवरची जागेची नोंद) मात्र विसरू नका, नाहीतर पोरं गुंतली होती याला पुरावा काय?

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. गेल्या पावसाळ्यात दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' चालू असताना लाईट गेली. एक पोरगा म्हणाला, सर, फ्यूज उडाला का? दुसरा म्हणाला, आमच्याकडे फ्यूज उडाला की पप्पा जाड तार घालतात, मग उडतच नाही. मी खडू घेतला, जाड तार का घालायची नाही यावर अख्खा वर्ग तावातावाने भांडायला लागला, मागच्या बाकावरचा कधी तोंड न उघडणारा पोरगा पुढे येऊन फळ्यावर त्याच्या घरचा मीटरबोर्ड काढून दाखवायला लागला, तास कधी संपला कळलं नाही, आणि मी फोटोच काढला नाही.

संध्याकाळी वरून मेसेज आला. 'आजचा डिजिटल एंगेजमेंटचा रकाना रिकामा का? लेखी खुलासा द्यावा.'

दिला. 'लाईट नव्हती.'