समलैंगिकता आणि ‘मदतनीस मामा’चे गणित

समलैंगिक व्यक्तींना स्वतःची मुले नसली तरी त्या भावंडांची मुले वाढवण्यास हातभार लावतात, त्यातून त्यांचीच जनुके पुढे जातात आणि त्यासाठीच निसर्गाने त्यांना घडवले, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळतो. समलैंगिकता अनैसर्गिक असल्याच्या आरोपाला तो उत्तर म्हणून दिला जातो. हेतू चांगला आहे. दावा मात्र तपासाला उतरत नाही.

पहिला मुद्दा हिशेबाचा. नातलगांना केलेल्या मदतीतूनही जनुके पुढे जाऊ शकतात, या जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या आप्तनिवडीच्या सिद्धांतानुसार अपत्यात आपली निम्मी जनुके येतात, तर भाच्यापुतण्यांत सरासरी एक चतुर्थांश. म्हणजे न झालेल्या प्रत्येक अपत्यामागे, या मदतीवाचून जगलेच नसते असे दोन भाचे-पुतणे असायला हवेत, आणि अधूनमधून केलेल्या लाडाकोडाने ही भरपाई होत नाही. शिवाय मदतनीसच हवा असेल तर लैंगिक आकर्षण अजिबात नसणे पुरेसे होते. ते समलिंगी व्यक्तीकडे वळण्याचे कारण या स्पष्टीकरणात कुठेच सापडत नाही.

‘संशोधनाने हे सिद्ध झाले आहे’ असेही सांगितले जाते. सामोआ बेटांवरील फाअफाफिने, म्हणजे जन्माने पुरुष असलेल्या पण स्त्रीसदृश भूमिकेत वावरणाऱ्या आणि पुरुषांकडे आकर्षित होणाऱ्या व्यक्ती, भाच्यापुतण्यांना मदत करण्यास इतर पुरुषांपेक्षा अधिक उत्सुक असतात, असे संशोधक पॉल व्हेसी आणि डग व्हँडरलान यांना आढळले, हे खरे. परंतु ती मोजणी मुख्यतः उत्सुकतेची होती, त्यामुळे वाढलेल्या मुलांची नव्हे. आणि अमेरिका, ब्रिटन व जपानमधील समलैंगिक पुरुषांत असा फरक दिसला नाही. समलैंगिक व्यक्तीशी दुरावा धरणाऱ्या कुटुंबात ही ओढ व्यक्त कशी होणार, हा आक्षेप रास्त आहे, पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे.

तिसरे, नैसर्गिक निवडीने जपलेला एखादा ‘समलैंगिकतेचा जनुक’ येथे गृहीत धरलेला असतो. सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या २०१९ मधील अभ्यासात तसा एकही जनुक मिळाला नाही. अल्प प्रभाव असलेले अनेक जनुकीय फरक मिळून समलिंगी वर्तनात माणसामाणसांत दिसणाऱ्या तफावतीपैकी ८ ते २५ टक्क्यांचे स्पष्टीकरण देतात, आणि त्यावरून कोणा एका व्यक्तीचे भाकीत करता येत नाही. संशोधक रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलेला थोरल्या भावांचा परिणाम तर वेगळीच दिशा दाखवतो: एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या प्रत्येक मुलग्यागणिक पुढच्या मुलग्याच्या समलैंगिकतेची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते, तरीही ती एकूण कमीच राहते. सावत्र किंवा दत्तक भावांमुळे तसे होत नसल्याचे बोगार्ट यांना २००६ मध्ये आढळले. कारण गर्भावस्थेतील असेल, तर कुटुंबाला होणाऱ्या लाभाची येथे गरजच उरत नाही. या आकडेवारीच्या पद्धतीवर अलीकडे आक्षेप आले आहेत, हेही नोंदवायला हवे.

राहिला ‘त्यासाठीच घडवले’ हा शब्दप्रयोग. नैसर्गिक निवड कोणाला कामगिरी नेमून देत नाही. दिली असे मानले, तर भाच्यांशी काडीचाही संबंध न ठेवणाऱ्या समलैंगिक पुरुषाला नैसर्गिक म्हणायचे की नाही, हे दावा करणाऱ्यांनीच सांगावे.