सेटएनफोर्स शून्य, आणि माझ्या लेखात राहिलेली गोष्ट

नमस्कार. एसई-लिनक्स (कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा-व्यवस्था) चालू असताना झॅबिक्स (इतर मशीनवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) कसा चालवायचा, यावर मी लेख लिहिला होता. 'सेटएनफोर्स शून्य' ही आज्ञा एसई-लिनक्सची मनाई अख्ख्या मशीनवर थांबवते. त्या लेखावर 'सेटएनफोर्स शून्य केलं की झॅबिक्स दोन मिनिटांत उठतो, मग एवढं पाल्हाळ कशाला? आणि तुमच्या पायऱ्या करूनही आमचा सर्व्हर पुन्हा पडलाच,' असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

३.४ आवृत्तीपासून (२०१७) झॅबिक्स सर्व्हरमध्ये प्रीप्रोसेसिंग मॅनेजर नावाची वेगळी प्रोसेस आली. पोलर (माहिती विचारून आणणाऱ्या प्रोसेस), ट्रॅपर (बाहेरून आलेली माहिती घेणाऱ्या) वगैरे सगळे गोळा केलेली माहिती युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधल्या संवादाच्या मार्गाने, तिच्याकडे देतात. ते सॉकेट म्हणजे डिस्कवर दिसणारी एक फाइल. ती तयार करायला एसई-लिनक्सने मनाई केली की लॉगमध्ये 'कॅननॉट बाइंड सॉकेट' येतं आणि चौकोनी कंसात १३, म्हणजे परवानगी नाही. मी लिहिलं होतं, ऑडिट लॉग (एसई-लिनक्सने काय नाकारलं त्याच्या नोंदी) 'ऑडिट-टू-अलाउ'ला द्या, त्यातून बनलेलं मॉड्यूल (परवानगीचे नियम) चढवा, काम झालं. एका फेरीत ते होत नाही! पहिल्या वेळी फक्त 'क्रिएट' (सॉकेट तयार करणं) नाकारल्याची नोंद असते, कारण सर्व्हर तिथेच थांबतो. ते सुटलं की 'अनलिंक' (जुनी सॉकेट फाइल काढणं) अडतं, मग 'कनेक्ट-टू' (सॉकेटला जोडणं). तुम्ही बहुधा त्यातल्याच एखाद्या टप्प्यावर अडकलात.

तरीही सेटएनफोर्स शून्य नको. ते रीबूटपर्यंतच टिकतं. मशीन रात्री रीबूट झालं की मॉनिटरिंग पुन्हा बंद, आणि ते बंद आहे हे सांगणारंच कोणी नाही. शिवाय या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो आणि १००५१ पोर्टवर तो बाहेरून माहिती घेत असतो. त्याच मशीनचं कुंपण काढायचं? त्याऐवजी 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए झॅबिक्स_टी' द्या. एवढाच डोमेन, म्हणजे झॅबिक्सच्या प्रोसेसचा गट, मोकळा होतो (मनाई होत नाही, फक्त नोंद होते), बाकी मशीन बंदिस्त राहतं. सर्व्हर थोडा वेळ चालू द्या, सगळ्या नोंदी एकदम मिळतील. त्यांचं एकच मॉड्यूल करा, चढवण्याआधी डोळ्यांखालून घाला आणि मग 'सेमॅनेज परमिसिव्ह -डी झॅबिक्स_टी' देऊन ती सूट काढा.

तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये मात्र शेवटी १३ नाही, १११ आहे: कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे सॉकेटची फाइल आहे, पण पलीकडे ऐकणारं कोणी नाही. मॅनेजर आधीच मेलेला असणार. तो का मेला हे १११च्या ओळी सांगत नाहीत, त्यांच्या वर जाऊन पाहिलेली पहिली चूक सांगते. माझ्याकडच्या एका सर्व्हरवर वर २४ होता, टू मेनी ओपन फाइल्स. आम्ही पोलर वाढवले होते, प्रत्येक पोलर मॅनेजरशी एक जोडणी धरून बसतो, जोडणीही उघडी फाइल म्हणून मोजली जाते, आणि मर्यादा होती १०२४. टर्मिनलमध्ये 'यूलिमिट -एन' पाहून फसू नका, तो तुमच्या लॉगिनचा आकडा असतो. सर्व्हिसचा आकडा 'प्रॉक'मध्ये त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) 'लिमिट्स' फाइलमध्ये मिळतो. वाढवायचा असेल तर 'सिस्टिमसीटीएल एडिट' करून 'लिमिट-नो-फाइल' लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

तुमच्या लॉगमधल्या १११च्या वरच्या वीसेक ओळी इथे टाकाल का? मूळ लेखातली ती पायरी मी आज दुरुस्त करतो.