धूळ, पंखा आणि घरच्यांचे सल्ले

डेस्कटॉप विकताना रॅम किती, प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कसलं ते सगळं कौतुकाने सांगतात, पण हा डबा मुळात एक संथ व्हॅक्यूम क्लीनर आहे आणि जोडधंदा म्हणून कॉम्प्युटरचं काम करतो हे कुणीच सांगत नाही. पुढचा पंखा हवा आत ओढतो, मागचा बाहेर फेकतो, हवा मुकाट्याने निघून जाते आणि धूळ म्हणते, आलेच आहे तर राहते. त्यात कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर असेल तर विचारूच नका, केस, कापडाचे तंतू, सगळं आत मुक्कामाला, आणि घरात मांजर असेल तर तेही हप्त्याहप्त्याने आत जमा होत असतं.

बरं, ही धूळ लगेच काही बिघडवत नाही, हाच तिचा कावेबाजपणा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांवर, बरोब्बर पंख्याच्या खाली जाऊन बसते. वरून पंखा जीव तोडून फिरतोय, खाली हवेला शिरायला फट नाही. मग तापमान वाढतं, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, पंख्याला सांगते जोरात फिर, तो जोरात फिरतो आणि आणखी धूळ ओढतो. (सरकारी समितीसुद्धा एवढ्या तत्परतेने प्रश्न वाढवत नाही.) शेवटी पारा ९५-१०० डिग्रीकडे गेला की प्रोसेसर जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो, आणि घरचे निदान करतात, व्हायरस आलाय! कॉम्प्युटरला काहीही होवो, आमच्याकडे निदान एकच. त्यावर इलाज म्हणून अँटीव्हायरसचं फुल स्कॅन, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याला आणखी पळवायचं.

बाबांचा दुसरा लाडका सल्ला, "झाकणच काढून ठेव की, हवा लागेल त्याला." ऐकायला पटतं. पण पुढून मागे जाणारा हवेचा रस्ता त्याने मोडतो आणि धुळीला फिल्टरचीही आडकाठी राहत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी साफसफाई निघतेच. प्लग काढायचा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं, मागचे स्क्रू काढायचे, त्यातला एक आधीपासूनच गायब असतो तो विषय वेगळा. झाकण उघडलं की पहिली इच्छा होते तोंडाने फुंकर मारायची. मारू नका. आत थुंकीचे शिंतोडे जातात आणि धूळ सरळ डोळ्यात येते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावायला बायको सुचवते, पण त्याच्या नळीत घर्षणाने स्टॅटिक चार्ज तयार होतो, तो एखादी चिप खराब करायला पुरेसा ठरू शकतो. म्हणून ब्लोअर आणि मऊ ब्रश, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो इतका सुसाट सुटतो की बेअरिंगची वाट लागते. पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज धरून ठेवलेला असतो, बाहेरूनच हवा मारायची आणि नमस्कार करायचा.

मग येतो खरा कसोटीचा क्षण. सगळं चकाचक करून बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळीच. मागे बाबा उभे असतात. "आधी निदान चालू तरी होत होता," एवढंच बोलून पेपर वाचायला जातात, आणि तो पेपर असा धरतात की कान इकडेच. बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. काढायची, सोनेरी पट्टीवर हलकेच खोडरबर फिरवायचं, त्याचा चुरा झटकायचा आणि खटका वाजेपर्यंत दाबून बसवायची. दाबताना आता मदरबोर्डच मोडणार असं वाटतं, इतका जोर लागतो.

सुरू झाला! तापमान चांगलंच उतरलं, पंख्याचा आवाज इतका कमी की आधी वाटलं फिरतच नाहीये, वाकून बघितलं तर फिरतोय. बायकोलाही बोलावून दाखवलं. तिने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "अरे, तुझी खुर्ची किती करकरते, इतके दिवस कळलंच नाही. आता हातात स्क्रू ड्रायव्हर आहेच तर..."